जुनी गाडी, लोकल फिल्टर आणि 'मोकळं' ऑइल

"दोन लाख झालेत ना गाडीचे? मग लोकल फिल्टरच टाका साहेब. बारीक गाळणारा टाकलात तर प्रेशर पडेल. जुन्या इंजिनात ऑइल कसं मोकळं फिरलं पाहिजे."

हा सल्ला गॅरेजात मिळतो आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर न मागताही मिळतो. देणाऱ्याच्या मनात पाप नसतं. जुन्या गाड्यांचा ऑइलचा दिवा आयडलिंगला लुकलुकताना त्याने खरोखरच पाहिलेला असतो. फक्त चोर सोडून तो भलत्यालाच धरतो.

इंजिनातला ऑइल पंप एका फेऱ्यात ठरावीक ऑइल उचलतो आणि पुढे ढकलतो. रहाटाचे पोहरे पुढच्या पाटात गवत माजलंय की नाही हे बघत बसत नाहीत, पाणी ओततच राहतात; तसंच हे. पुढे अडथळा आला म्हणून पंप ऑइल कमी देत नाही, जोर जास्त लावतो. जोर फारच वाढला तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा ऑइल परत चेंबरमध्ये सोडतो. हे कधी होतं? ऑइल थंड आणि घट्ट असताना, किंवा इंजिन जोरात फिरत असताना. आणि दिवा कधी लुकलुकतो? इंजिन चांगलं तापल्यावर, सिग्नलला उभं असताना. त्या वेळी प्रेशर मुळातच कमी असल्यामुळे रिलीफ व्हॉल्व्ह बंद असतो. म्हणजे पंपाने उचललेलं जवळजवळ सगळं ऑइल बेअरिंगपर्यंत पोचतंच, फिल्टर बारीक असो की ढोबळ.

मग प्रेशर पडतं कशाने? बेअरिंगच्या अरुंद फटींतून ऑइल रेटताना प्रेशर तयार होतं. गाडी दोन लाख चालली की या फटी रुंदावतात, पंपाचे गिअर झिजतात, चेंबरमधली जाळी काजळीच्या चिखलाने तुंबते, ऑइलमध्ये पेट्रोल किंवा डिझेल उतरून ते पातळ होतं. आणि पुष्कळदा गाडी ऑइल खात असते, पण महिनोन्‌महिने कोणी डिपस्टिक ओढून पाहिलेली नसते. सेन्सरच खोटं बोलत असेल, हीही शक्यता असते. साधा प्रेशर गेज लावून दहा मिनिटांत त्याचा निकाल लागतो. फिल्टर मोकळा केल्याने यातला एकही आजार बरा होत नाही.

शिवाय बारीक गाळणारा फिल्टर अडवणाराच असतो, हेही खरं नाही. किती अडवणार हे कागदाच्या घड्या किती, त्यांचं एकूण क्षेत्रफळ किती आणि तंतू किती बारीक यावर ठरतं. कृत्रिम तंतूंचा फिल्टर अधिक बारीक गाळूनही ऑइलला कमी अडवू शकतो. म्हणून डब्यावर नुसतं '२० मायक्रॉन' लिहिलेलं असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. २० मायक्रॉनचे निम्मे कण अडवणाराही तेच छापतो आणि ९९ टक्के अडवणाराही. आयएसओ ४५४८-१२ या चाचणीत कणाचं माप आणि तो किती टक्के अडतो, हे दोन्ही आकडे मिळतात. टक्केवारी लिहिलेली नसेल तर तो आकडा सोडून द्यावा.

गाळण्याने खरंच फरक पडतो का, ही शंका रास्त आहे. जनरल मोटर्सच्या एसी स्पार्क प्लग विभागातले डेव्हिड स्टेली यांचा १९८८ चा एसएई निबंध (क्रमांक ८८१८२५) यासाठी नेहमी दाखवला जातो. ४० मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या फिल्टरने झीज निम्मी झाली आणि १५ मायक्रॉनच्या फिल्टरने ७० टक्के कमी, असा त्यातला निष्कर्ष. मात्र ती चाचणी झीज लवकर दिसावी म्हणून मुद्दाम धूळ घालून केलेली होती; आपल्या गाडीत एवढाच फरक दिसेल असं समजू नये. पण ढोबळ फिल्टर इंजिनाला मानवतो, असं तर त्यातून मुळीच निघत नाही.

आता लोकल फिल्टरमध्ये ऑइल 'मोकळं' फिरतं त्याविषयी. ते खरोखर फिरतं! फिल्टरच्या आत (काही गाड्यांत इंजिनावर) बायपास व्हॉल्व्ह असतो. कागद तुंबला किंवा ऑइल फार घट्ट असलं तर बेअरिंग कोरडी पडू नयेत म्हणून तो ऑइलला न गाळता पुढे जाऊ देतो. डुप्लिकेट फिल्टरमधली त्याची स्प्रिंग मऊ असली किंवा तो नीट बसतच नसला, तर ऑइल कागदाला वळसा घालून सरळ निघून जातं. दिवा लागत नाही, आवाज येत नाही, सल्ला देणारा खूश. आणि नेमकं जुनं इंजिनच जास्त घाण करतं: पिस्टन रिंग सैल झाल्या की जळलेला वायू खाली उतरतो आणि काजळी, आम्लं, धातूचा चुरा वाढत जातो. अशा इंजिनाला कमी गाळणारा फिल्टर द्यायचा, हा उफराटा न्याय झाला.

ज्या भागाची जुन्या गाडीला खरी गरज, त्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. आडव्या किंवा तोंड खाली करून बसणाऱ्या फिल्टरमध्ये एक रबरी पडदा असतो. इंजिन बंद झाल्यावर ऑइल ओघळून जाऊ नये, हे त्याचं काम. स्वस्त नायट्राइल रबर उष्णतेने कडक होतं, सिलिकॉन जास्त टिकतं. पडदा कडक झाला की रात्रीत फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी सुरू करताच दोन-तीन सेकंद टकटक ऐकू येते. 'इंजिन उतरवायला लागेल' असं कोणी म्हणालं तर आधी चांगला फिल्टर लावून पाहावा. टकटक गेली नाही तर पुढचं बघू.

बाकीच्या समजुती थोडक्यात. ऑइल काळं झालं म्हणजे फिल्टर बाद, हे चूक. काजळीचा सुटा कण एका मायक्रॉनहून लहान असतो, तो कुठलाच साधा फिल्टर अडवत नाही. डिझेल गाडीत नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं आणि त्यातली डिटर्जंट रसायनं आपलं काम करताहेत एवढाच त्याचा अर्थ. फिल्टर एका सर्व्हिसआड बदलला तर जुन्या डब्यातलं घाण ऑइल नव्यात मिसळतं, आणि वाचणारी रक्कम ऑइलच्या बिलापुढे चिल्लर असते. 'आटे जुळले म्हणजे फिल्टर चालतो' हे तर धोक्याचं: आटे सारखे असूनही रबर रिंगचा व्यास आणि बायपासचं प्रेशर वेगळं असू शकतं. बाहेरून चिकटवलेलं चुंबक फक्त लोखंडाचा चुरा धरतं. रस्त्यावरची धूळ आणि बेअरिंगचा तांबं-ॲल्युमिनियमचा कीस त्याला दादच देत नाही. 'हाय मायलेज' ही फिल्टरच्या कुठल्याही मानकातली वर्गवारी नाही.

मग घ्यायचा कोणता? मॅन्युअलमधल्या पार्ट नंबरचा कंपनीचा, किंवा त्याच नंबराला लागू असलेला बॉश, माले, एलोफिक अशा फिल्टर बनवणाऱ्यांचा, बिल देणाऱ्या दुकानातून. जुन्या स्विफ्ट डिझेलसारख्या १.३ लिटर मल्टीजेट इंजिनात डबा नसतो, नुसता एलिमेंट असतो. त्याच्यासोबत झाकणाची नवी ओ-रिंगही बसवून घ्यावी.

काढलेला फिल्टर लगेच फेकू देऊ नका. कापायला सांगा आणि कागदाच्या घड्या उलगडून उजेडात धरा. तांबूस चमक दिसली तर बेअरिंगची तपासणी लांबवू नये. आणि डब्याचा नवा फिल्टर बसवण्याआधी जुनी रबर रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहायला लावा. दोन रिंगा एकावर एक आल्या तर ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर सांडतं. नव्या रिंगला ऑइलचं बोट, रिंग टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा, किंवा डब्यावर लिहिला असेल तितका. पाना लागतो तो फक्त काढताना.