ट्रॅव्हल एजन्सीतल्या नोकऱ्या: समज आणि वस्तुस्थिती

‘इंटरनेट आलं आणि ट्रॅव्हल एजंट संपला’ हे आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. नोकऱ्या घटल्या हे खरंच. अमेरिकेत २००० साली सुमारे १ लाख २४ हजार ट्रॅव्हल एजंट होते, २०१४ मध्ये ७४ हजारांच्या आसपास उरले. पण सगळं खापर इंटरनेटवर फोडता येणार नाही. पहिला घाव विमान कंपन्यांनीच घातला. डेल्टाने फेब्रुवारी १९९५ मध्ये देशांतर्गत परतीच्या तिकिटावरच्या कमिशनला ५० डॉलरची मर्यादा घातली, तेव्हा एक्स्पीडिया ही ऑनलाइन बुकिंगची साइट सुरूही झालेली नव्हती. आपल्याकडे २००८ मध्ये मोठ्या कंपन्यांनी कमिशन शून्यावर नेण्याचा निर्णय घेतला. नुसती तिकिटं काढून पगार भागवणाऱ्या दुकानांचं गणित तिथेच कोलमडलं.

‘मोठ्या ट्रॅव्हल कंपन्याही बुडतात, म्हणजे धंदाच संपला’ हा दुसरा समज थॉमस कुकमुळे पसरला. सप्टेंबर २०१९ मध्ये ही ब्रिटिश कंपनी बुडाली, तेव्हा जगभर तिचे सुमारे २१ हजार कर्मचारी होते. ती बुडण्यात डोईजड कर्जाचा मोठा वाटा होता. तिची ब्रिटनमधली ५५५ दुकानं हेज ट्रॅव्हल या दुसऱ्या कंपनीने लगेच घेतली आणि अनेक जुन्या माणसांना पुन्हा कामावर घेतलं. मुंबईची थॉमस कुक इंडिया तर २०१२ पासूनच वेगळ्या मालकीची आहे.

मग आता काम कसलं उरलंय? युरोपच्या शेंगेन व्हिसाची एक फाइल बघा. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, ऑफिसचं रजेचं पत्र, किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा. त्यात पासपोर्टवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं. हा गुंता सोडवणारा माणूस लागतोच, आणि माझ्या मते या धंद्यातली खरी टिकाऊ नोकरी तीच. तसंच काम टूर मॅनेजरचं. केसरी, वीणा वर्ल्ड यांच्या ग्रुप टूरवर ज्येष्ठ मंडळी जातात ती टूर मॅनेजरच्या भरवशावर.

‘फुकटात जग बघायला मिळतं’ हा मात्र निव्वळ भ्रम. टूर मॅनेजर पाहुण्यांच्या आधी उठतो, सगळ्यांच्या खोल्यांची सोय लावून मग झोपतो. उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीत, जेव्हा घरचे एकत्र असतात, तेव्हाच तो बाहेर.

मुलांना ट्रॅव्हल-टूरिझमच्या कोर्सला घालणाऱ्या पालकांनी फी भरण्याआधी एवढं जरूर विचारावं: व्हिसाची फाइल प्रत्यक्ष हाताळायला शिकवता का? नुसतं तिकीट बुकिंग शिकवत असतील, तर ते पैसे वाचवा.