मिथेनवर पोसलेले कारागीर

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक असलेला मिथेन रसायनउद्योगाच्या दृष्टीने जितका मुबलक तितकाच हट्टी पदार्थ आहे. या रेणूतील कार्बन-हायड्रोजन बंध इतके घट्ट असतात, की त्यापासून मिथेनॉल करायचे तर आधी 800 ते 900 अंश सेल्सिअस तापमानाला वाफेबरोबर त्याची फोड करावी लागते आणि निघालेले कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन पुन्हा उच्च दाबाखाली उत्प्रेरकावर जोडावे लागतात. भातखाचरांच्या चिखलात, तळ्यांच्या गाळात आणि उष्ण झऱ्यांत राहणारे मिथेनभक्षी जिवाणू हेच काम एका पायरीत उरकतात. असा पहिला जिवाणू डच शास्त्रज्ञ सोन्गेन यांनी 1906 मध्ये वेगळा केला. मात्र या जिवाणूंचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो 1970 मध्ये, रॉजर व्हिटनबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शंभरावर जिवाणूंचे वर्णन प्रसिद्ध केल्यानंतर.

त्यांपैकी सर्वाधिक अभ्यासला गेलेला मिथायलोकॉकस कॅप्सुलेटस हा इंग्लंडमधील बाथ या गावच्या, रोमनकालीन स्नानकुंडांच्या उष्ण पाण्यातून आलेला आहे. त्याची वाढ 45 अंशांच्या सुमारास उत्तम होते, ही गोष्ट कारखान्याच्या पथ्यावर पडते, कारण मिथेनच्या ऑक्सिडीकरणातून निघणारी भरमसाट उष्णता काढून घेणे अशा टाकीत सोपे जाते. त्याचे मुख्य हत्यार म्हणजे मिथेन मोनोऑक्सिजनेज हे विकर, म्हणजेच पेशीतील उत्प्रेरक प्रथिन. ते ऑक्सिजनच्या रेणूचे दोन अणू वेगळे करून एक मिथेनमध्ये बसवते व दुसऱ्याचे पाणी करते. या विकराचे दोन प्रकार आहेत: पेशीच्या पटलात रुतलेला व तांब्यावर चालणारा एक, आणि पेशीद्रवात विरघळलेला, लोहावर चालणारा दुसरा. भोवतालचे तांबे कमी झाले की जिवाणू पहिला प्रकार बाजूला ठेवून दुसरा वापरू लागतो.

तयार झालेले मिथेनॉल मात्र सहजासहजी हाती लागत नाही. जिवाणू लगेच त्याचे फॉर्माल्डिहाइड करतो. त्यातला काही भाग पेशी बांधण्यात जातो, उरलेला ऊर्जेसाठी जाळला जाऊन कार्बन डायॉक्साइड होतो. म्हणून उद्योगाने आजवर मुख्यतः दोन वाटा धरल्या आहेत. एक म्हणजे, सुमारे 70 टक्के प्रथिन असलेली पेशीच वाळवून पशुखाद्य म्हणून विकणे. दुसरी म्हणजे, नायट्रोजनची उपासमार घडवून काही जातींना पेशीत पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट हे जैवविघटनशील प्लास्टिक साठवायला लावणे. जनुकांत फेरफार करून लॅक्टिक आम्लासारखी रसायने मिळवण्याचे प्रयोगही झाले आहेत; तथापि प्रयोगशाळेतील यश आणि टनावारी उत्पादन यांत अजून बरेच अंतर आहे.

हे अंतर पडते ते जिवाणूच्या अंगी गुण नाही म्हणून नव्हे, तर पाण्यामुळे. 25 अंशांना एक लिटर पाण्यात जेमतेम 22 मिलिग्रॅम मिथेन विरघळतो, ऑक्सिजनही फारसा विरघळत नाही, आणि दोन्ही वायू एकत्र कोंडावेत तर हवेत 5 ते 15 टक्के मिथेनचे मिश्रण स्फोटक असते. यावर तोडगा म्हणून उभी ढवळटाकी सोडून इंग्रजी यू अक्षरासारखी वळलेली, द्रव सतत खेळता ठेवणारी नळी वापरली जाते, जिच्यात वायूचे बुडबुडे दीर्घकाळ द्रवाच्या संगतीत राहतात. तिच्यात जिवाणूही एकटा नसतो: नैसर्गिक वायूतील थोड्याशा इथेन-प्रोपेनपासून मिथेनभक्षी जिवाणू अ‍ॅसिटिक व प्रोपिऑनिक आम्ले बनवतो, ती त्यालाच बाधतात, म्हणून ती खाऊन टाकणारे इतर जिवाणू सोबत वाढवले जातात. मोठ्या प्रमाणावरील या जैवतंत्राचा हा सर्वांत सुज्ञ भाग म्हणावा लागेल.

नॉर्वेत ट्येल्डबर्गओडेन येथे, जवळच उष्णतेच्या जुन्या पद्धतीने मिथेनॉल बनवणारा कारखाना उभा असताना, नॉरफर्म या कंपनीने वर्षाला 10,000 टन क्षमतेचा प्रथिन प्रकल्प चालवला. युरोपीय संघाने हे प्रथिन 1995 मध्ये मान्य केले होते, तरीही 2006 मध्ये प्रकल्प बंद पडला. ज्याचा कच्चा माल स्वतःच इंधन म्हणून विकला जातो, त्या धंद्याचे गणित वायूच्या भावावर टांगलेले असते. तंत्र मात्र नष्ट झाले नाही: डेन्मार्कची युनिबायो, चीनमधील चोंगकिंग येथे कॅलिस्टा या कंपनीच्या भागीदारीत उभारलेला 20,000 टनांचा प्रकल्प आणि बंगळुरूची स्ट्रिंग बायो यांनी ते पुढे नेले.

हवामानाच्या नावाने केले जाणारे दावे थोडे जपून घ्यावेत. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे 28 पट तापमानवाढ करतो हे खरे. पण नळातून आलेला खनिज वायू वापरणारा कारखाना हवेत जाणारा मिथेन अडवत नाही. ते श्रेय मिळवायचे तर सांडपाणी प्रकल्प, कचराभूमी किंवा गोबरगॅस यांच्याकडे वळावे लागते, आणि तिथला वायू थोडा, अनियमित व हायड्रोजन सल्फाइडने मळलेला असतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम भारतातील पाणथळ भातशेतीतून मिथायलोक्युक्युमिस ओरायझी हा काकडीच्या आकाराचा मिथेनभक्षी जिवाणू वेगळा केला आहे. अशा देशी जातींपैकी कोणती मळका वायू सोसते आणि कोणती मोठ्या टाकीत टिकते, याची पारख ज्या कामातून होईल ते चिखलाचे नमुने, संवर्धने आणि कित्येक महिन्यांची वाढ यांचे आहे.