तांबडे जंगल

जंगल तांबडे झाले म्हटले की आपल्याला पळस आठवतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मात्र डोंगरच्या डोंगर तांबडे झाले ते मरणाने. मारणारा कोण, तर तांदळाच्या दाण्याएवढा भुंगेरा, माउंटन पाइन बीटल!

हा किडा परका नव्हे, तिथलाच. मादी पाइनच्या सालीला भोक पाडून आत शिरते आणि गंधाने भाईबंदांना आवतण धाडते. झाड राळ ओतून तिला बाहेर ढकलू पाहते. पण एकदम शेकडो तुटून पडले की त्याचे काही चालत नाही. किड्यांबरोबर आलेली निळी बुरशी खोडातून चढणारे पाणीच अडवते. वर्षभरात पाने तांबडी, पुढे नुसता करडा सांगाडा.

पूर्वी याला आळा घालत होती थंडी. पारा उणे 40 अंशांच्या आसपास काही दिवस राहिला, की सालीखालच्या अळ्या मरत. तशी थंडी विरळ झाली. त्यातच माणसाने कित्येक दशके वणवे विझवले. हेतू चांगलाच, म्हणून तर मला हे अधिक बोचते. लॉजपोल पाइनची बरीचशी बोंडे आगीच्या धगीनेच उघडतात. वणवे थांबले तसे म्हातारे पाइन दाटले. किड्याला पंगत वाढून ठेवल्यासारखी!

1990च्या दशकात सुरू झालेली ही साथ सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टरांवर पसरली. महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा मुलूख. प्रांतातले विकण्याजोगे निम्म्याहून अधिक पाइन गेले. 2008 साली वर्नर कुर्झ आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की कार्बन शोषणारे हे जंगल उलट कार्बन ओकू लागले आहे. मेलेली झाडे कुजण्याआधी तोडायची, म्हणून करवती जोरात चालल्या. निळसर फळ्या बाजारात आल्या. पुढे लाकूड आटले, गिरण्या बंद पडू लागल्या आणि गावांची रोजी गेली.

2006 साली वाऱ्यावर स्वार होऊन किड्यांचे मोठे थवे रॉकी पर्वतापलीकडे आल्बर्टात उतरले. 2011मध्ये ते जॅक पाइनमध्येही सापडल्याचे सिद्ध झाले. हा पाइन उत्तरेच्या बोरियल जंगलातून पार पूर्वेकडच्या प्रांतांपर्यंत पसरलेला आहे, आणि त्याला या शत्रूची सवयच नाही. 2019 नंतरच्या कडक थंडीने आल्बर्टातले किडे बरेच घटले. वनखात्याची माणसे हिवाळा सरला की साल सोलतात आणि खाली किती अळ्या जिवंत आहेत ते मोजतात.