चुंबकाला चिकटणारी पूड

सकाळी ८.३०
रात्रभर चाललेली बॉल मिल पहाटे थांबली आहे, पण जार लगेच उघडायचा नाही, आधी पूर्ण निवू द्यायचा. आत पोलादी गोळ्या आणि त्यांच्या एक दशांश वजनाची लोह-क्रोमियमची पूड आहे, शंभर अणूंत सुमारे ४६ क्रोमियमचे. मिल अर्धा तास फिरते, पंधरा मिनिटं थांबते, पुन्हा फिरते. सलग फिरवली तर जार तापतो आणि पुडीतला बदल माराने झाला की उष्णतेने, हे सांगता येत नाही.

९.१५
जार ग्लोव्हबॉक्समध्ये, आर्गॉनखाली उघडला. इतकी बारीक, ताज्या पृष्ठभागाची पूड एकदम हवेत आली तर पेट घेऊ शकते. पण मला दुसरी भीती जास्त वाटते. क्रोमियम ऑक्सिजन चटकन धरतं. दळताना हवा शिरली, तर ऑक्साइड होऊन क्रोमियम मिश्रधातूतून निघून जातं आणि मागे लोखंडाचं प्रमाण वाढलेली साधी रचना उरते. निकाल हवा तसाच दिसतो, कारण मात्र खोटं असतं. म्हणून जारच्या रबरी रिंगा मी स्वतः तपासते.

१०.००
दोन काचेच्या कुप्या, एकीत न दळलेली पूड, दुसरीत दळलेली. बाहेरून चुंबक लावला. पहिल्या कुपीत काहीच हललं नाही. दुसरीत पूड काचेच्या आतल्या बाजूने काटे उभारून चुंबकामागे वर चढत गेली. हा प्रयोग मला दर वेळी तितकाच आवडतो.

न दळलेली पूड सिग्मा फेजची आहे. लोखंड आणि क्रोमियम साधारण निम्मेनिम्म घेऊन ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास बराच काळ भट्टीत ठेवलं की ती तयार होते. एका घटक-पेशीत ३० अणू असलेली, कठीण पण काचेसारखी ठिसूळ. बेन आणि ग्रिफिथ्स यांनी १९२७ मध्येच लोह-क्रोमियम-निकेल मिश्रधातूंत हा ठिसूळ घटक नोंदवला होता. स्टेनलेस स्टीलवाले आजही तिला टाळतात. उष्णतेने ती घालवायची तर सुमारे ८३० अंशांच्या वर जावं लागतं. मिलमध्ये मात्र जार हाताला कोमट लागतो इतक्याच तापमानाला ती मोडते. गोळ्यांच्या माराने रचनेत इतके दोष साठतात, कण इतके लहान होतात, की तीस अणूंची ती गुंतागुंतीची मांडणी टिकत नाही. उरते अंतर्केंद्रित घनाची साधी मांडणी, साध्या लोखंडासारखी. सिग्मा खोलीच्या तापमानाला चुंबकाला दाद देत नाही, ही देते.

११.३०
एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी रचना पाहणं. तांब्याची नळी इथे त्रास देते, कारण तिच्या किरणांनी लोखंड स्वतःच चमकू लागतं आणि पार्श्वभूमी वर चढते. आम्ही कोबाल्टची नळी वापरतो. न दळलेल्या नमुन्यात सिग्माच्या पिकांची दाटी होती. आज तिच्या जागी एकच रुंद पीक आहे. पीक रुंद होतं ते कणांतले स्फटिक नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतके लहान झाल्यामुळे, आणि काही अंशी आतल्या ताणामुळे. पण या रुंद पिकाखाली थोडी सिग्मा लपलेली असू शकते. एक्सआरडीवर थांबणाऱ्यांशी माझं पटत नाही ते इथे.

१.१५
डबा. आज मटकीची उसळ.

२.००
अशाच आधी दळलेल्या पुडीचा, परवापासून चाललेला मोसबाउरचा (गॅमा किरणांनी लोखंडाच्या अणूंचा शेजार तपासणारा) आलेख संपला. कोबाल्ट-५७ चा स्रोत सुमारे २७२ दिवसांत निम्मा होतो. आमचा जुना झाला आहे, म्हणून वेळ लागतो. सिग्माची मधली अरुंद रेघ अजून किंचित शिल्लक आहे. तिच्या दोन्ही बाजूंना पसरट, पुसट सहा रेघा. पुसट का? शुद्ध लोखंडात प्रत्येक अणूला खोलीच्या तापमानाला ३३ टेस्लाचं क्षेत्र जाणवतं. अगदी शेजारी क्रोमियमचा एकेक अणू आला की ते साधारण ३ टेस्लाने उतरतं. शेजार प्रत्येकाचा वेगळा, म्हणून रेघा एकमेकींत मिसळतात. अणू खरोखर एकमेकांत मिसळलेले आहेत, हे यातून कळतं.

४.००
विद्यार्थिनीने नेमकी शंका काढली. ‘‘मॅडम, गोळ्यांचंच लोखंड झिजून आलं असेल तर? तेही चुंबकाला चिकटणारच.’’

‘‘सुटं आलं असतं तर ३३ टेस्लाच्या जागी ठळक सहा रेघा दिसल्या असत्या. दाखव कुठे आहेत.’’

तिने शोधल्या, सापडल्या नाहीत. पण मिश्रधातूत विरघळलेलं लोखंड असं पकडता येत नाही. म्हणून गोळ्या धुऊन, वाळवून वजन करायला सांगितलं आणि पुडीतलं क्रोमियमचं प्रमाण पुन्हा मोजायला दिलं. तो आकडा आल्याशिवाय मी वहीत निष्कर्ष लिहिणार नाही.

६.००
दळलेली थोडी पूड निर्वात क्वार्ट्झच्या नळ्यांत बंद करून ७०० अंशांच्या भट्टीत ठेवली. तिथे सिग्मा परत यायला हवी, आणि एवढ्या बारीक स्फटिकांत ती जाड कणांपेक्षा कितीतरी लवकर येते, कारण सीमारेषाच असंख्य. एक नळी तासाभराने काढायची, बाकीच्या उद्या सकाळी.