लहानग्यासह समुद्रकिनारी : आधी ओहोटीची वेळ पाहा

मानेसर : हरियाणातील या औद्योगिक नगरीतून सुट्टीसाठी कोकणात जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी दीड-दोन वर्षांच्या मुलाचा दिवस भरती-ओहोटीनुसार आखणे हिताचे ठरते. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्याने कालची सोयीची वेळ आज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.

ओहोटीला दिवेआगरसारख्या किनाऱ्यावर ओली वाळू उघडी पडते. बारीक खेकड्यांनी बिळांभोवती मांडलेली वाळूच्या गोळ्यांची नक्षी मुलाला तासभर रमवते. वाळूचा किल्ला मोठ्यांनी बांधावा. या वयाला तो पाडण्यातच अधिक गोडी! शिंपले मात्र तोंडात जाणारच, हे गृहीत धरावे.

पाणी घोट्याएवढे असले, तरी मुलाचा हात सोडू नये. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि लहानग्याचा तोल क्षणात जातो. पावसाळ्यात तर त्याला पाण्यात उतरवूच नये.