जुनी पेटी घेताना

पेटी शिकण्याची हौस मराठवाड्याला नवी नाही. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात शबद-कीर्तनाच्या साथीला बाजा असतो, आणि त्याच शहरात एखाद्या विठ्ठल मंदिरात हरिपाठ चालू असेल, तर तिथेही पेटीच असते. लातूरकडे औसा, उदगीर, अहमदपूर, कुठेही जा. भजनी मंडळाच्या सामानात टाळ-मृदंगाच्या शेजारी पेटीची जागा ठरलेली. तेव्हा शिकायचे मनात आले की पहिला प्रश्न येतो, पेटी घ्यावी कुठली? नवी आणि चांगली घ्यावी तर महाग पडते. स्वस्तातली घ्यावी तर मन रमत नाही. अशा वेळी कोणीतरी सांगते, "अहो, अमक्यांच्या वाड्यात आजोबांच्या वेळची पेटी पडून आहे. पॅरिसचे सूर आहेत म्हणे. देतील स्वस्तात."

अशी पेटी घ्यावी का? आणि घेतली तर ती दुरुस्त करताना नवशिक्याने हात कुठवर घालावा? या दोन प्रश्नांचा आज विचार करू.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. सतार किंवा सारंगी वाजवणारा आपला सूर रोज लावतो. वाजवता वाजवताही तो बोटाने जरा वर-खाली करतो. पेटीत ती सोय नाही. पट्टी दाबली की जो सूर आत बसवला आहे तोच बोलणार. हार्मोनियमवर विद्वानांचा राग होता तो याच कारणाने. तिच्यावर मींड निघत नाही, आणि तिचे ठरावीक अंतरांचे बारा स्वर रागाच्या सूक्ष्म स्वरांशी जुळत नाहीत, असा आक्षेप होता. आकाशवाणीने तर १ मार्च १९४० पासून पेटीला दारच बंद केले, आणि १९७० नंतर ते काही अटींवर उघडले. तरी गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) आणि आपल्या मराठवाड्यातले, जालन्याकडचे अप्पा जळगावकर (१९२२–२००९) यांच्यासारख्यांनी याच पेटीला मैफलीत मान मिळवून दिला. असो. तो वाद मोठा आहे. आपल्यापुरता अर्थ एवढाच, की पेटी विकत घेणे म्हणजे आधीच लावून ठेवलेले सूर विकत घेणे. लाकूड, भाता, पॉलिश हे सगळे त्या सुरांच्या मागून येते.

हे सूर म्हणजे आहेत तरी काय? पितळेची एक लहानशी पट्टी, तिच्यात लांबट खाच, आणि खाचेवर एका टोकाला रिव्हेटने बसवलेली पितळेची पातळ जीभ. भात्याची हवा खाचेतून जाताना जीभ थरथरते आणि सूर निघतो. साधारण पेटीला ३७, ३९ किंवा ४२ पट्ट्या असतात. खर्ज आणि नर अशा दोन सुरांची ४२ पट्ट्यांची पेटी असेल, तर तिच्या पोटात ८४ सूर असतात. तिसरा, मादीचा संच असेल तर १२६. हे वाद्य मूळचे फ्रान्सचे. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबां यांनी १८४० च्या सुमारास त्याला हार्मोनियम हे नाव दिले. तेव्हा भाता पायाने हलवीत. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास त्याला आपल्या बैठकीचे रूप दिले. मांडी घालून बसावे, एका हाताने भाता हलवावा, दुसऱ्या हाताने वाजवावे. सूर मात्र पुष्कळ वर्षे पॅरिसहून आणि जर्मनीहून येत. ते येणे कधीच थांबले. आज गुजरातेत भावनगर जिल्ह्यात पालिताण्याला सूर तयार होतात आणि चांगलेही होतात. पण आजोबांच्या पेटीतला सूर मोडला, तर त्याच्याच जातीचा दुसरा मिळणे कठीण, हे खरे.

आता पेटी पाहायला जाऊ. दर्शनी भागावर सोनेरी अक्षरांत काय लिहिले आहे त्याला भुलू नका. नाव कोणीही रंगवू शकतो. पहिली परीक्षा हवेची. समोरच्या सगळ्या खुंट्या बंद करा, भाता दोन-चार वेळा हलवून हवा भरा, आणि थांबा. आतला भाता हवा धरून राहिला तर भाते शाबूत आहेत. लगेच बसला तर भाता कुठेतरी फुटला आहे. मग खुंट्या उघडा, पण पट्टी एकही दाबू नका, आणि पुन्हा हवा भरा. खुंट्या बंद असताना टिकणारी हवा आता पळत असेल, तर दोष वर आहे. पट्ट्यांखालच्या झडपांचे कातडे वाळले आहे किंवा सुरांची फळी नीट बसलेली नाही. पट्टी न दाबताच एखादा सूर गात राहिला, तर त्या झडपेखाली कचरा आहे किंवा तिची स्प्रिंग ढिली झाली आहे. हे सगळे दोष दुरुस्त होणारे आहेत. त्यांच्यासाठी भाव कमी करून मागा, पण पेटी सोडू नका.

दुसरी परीक्षा सुरांची. प्रत्येक पट्टी एकेक करून, हळू हवेवर वाजवा. जो सूर मुका आहे, जो खरखरतो, जो उशिरा बोलतो, तो कागदावर टिपा. मग मालकाच्या परवानगीने सुरांची फळी उघडून बघा. जिभा काळपट, एकसारख्या रंगाच्या दिसल्या तर समाधान माना. चकाकते ओरखडे दिसले, तर त्या सुरावर कानस चालली आहे. दोन-चार ओरखडे चालतील. दर सुरावर दिसले, तर पेटी पुष्कळ हातांतून गेली आहे असे समजावे. सूर निरनिराळ्या घडणीचे दिसले, तर मधूनमधून बदललेले आहेत. त्याने पेटी वाया जात नाही, पण मग ती "पॅरिसची" म्हणून जास्त पैसे मोजू नका.

तिसरी परीक्षा लाकडाची. कोपऱ्यांत पिठासारखी भुकटी आणि बारीक भोके दिसली तर कीड आहे. बाहेरच्या चौकटीला लागलेली कीड आवरता येते. पण सुरांच्या फळीलाच कीड लागली असेल, किंवा ती फळी आरपार तडकली असेल, तर नमस्कार करून परत या. तो खर्च नवशिक्याला पेलणारा नाही.

समजा, पेटी घरी आली. आता पहिला नियम असा, की घाई करू नका आणि क्रम मोडू नका. आधी हवा, मग पट्ट्या, शेवटी सूर. हवा गळत असताना सूर तपासणे म्हणजे फुटक्या घागरीतले पाणी मोजणे. हवेचा दाब कमी पडला, की चांगला सूरही मंद आणि बेसूर वाटतो. भाता दुरुस्त झाल्यावर निम्म्या तक्रारी आपोआप मिटलेल्या दिसतील.

उघडताना मोबाईलवर पायरीपायरीने फोटो काढून ठेवा. पट्ट्या काढण्याआधी प्रत्येकीवर पेन्सिलीने आकडा घाला. दिसायला सारख्या असल्या तरी एकीच्या जागी दुसरी बसत नाही. आमच्या भागात एक गंमत आहे. जुन्या पेट्या बहुधा माळवदाच्या घरात राहिलेल्या असतात, आणि माळवदाची माती वर्षानुवर्षे बारीक झिरपत असते. ती मऊ ब्रशाने झाडा, तोंडाने फुंकू नका. फुंकरीबरोबर ओल जाते. उंदीर-झुरळांनी कातडे कुरतडले असेल तेही याच वेळी दिसेल.

भात्याची भोके शोधायला सोपा उपाय आहे. अंधाऱ्या खोलीत भाता उघडून आत छोटी बॅटरी लावून ठेवा. जिथून उजेड येईल तिथून हवाही जाते. घड्यांच्या कोपऱ्यांवर आधी लक्ष द्या, कारण कातडे तिथे सर्वांत आधी झिजते. पातळ मऊ कातड्याचे ठिगळ लावायला जुन्या कारागिरांसारखा गरम सरस वापरा. सरसाचा सांधा ऊब आणि ओल देऊन पुन्हा सोडवता येतो. बाजारातला पांढरा गोंद लावायला सोपा असतो, पण पुढच्या माणसाला तो भाता फाडूनच उघडावा लागतो. पट्ट्यांखालची बनात झिजली असेल तर तेवढ्याच जाडीची नवी घाला. जाडी बदलली की पट्ट्या उंच-सखल होतात.

इथवर तुम्ही आणि घरातले कोणी हातगुणी माणूस मिळून काम करू शकाल. सुरांपाशी मात्र थांबा. नवशिक्याने सुराला लावायची वस्तू एकच, ती म्हणजे कोरडा मऊ ब्रश. घरातली पितळेची भांडी आपण चिंचेने, राखेने लख्ख करतो. सुराला तसे कधी करू नका. कळंक निघेल, पण त्याबरोबर धातूही निघेल आणि सूर चढेल किंवा उतरेल. एखादा सूर मुका असेल तर बहुधा जिभेखाली केस किंवा धूळ अडकलेली असते. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून अलगद ओढा. पुष्कळदा एवढ्यानेच तो बोलू लागतो.

कानशीचे काम जाणत्या कारागिराचे. जिभेच्या मोकळ्या टोकाकडून धातू खरवडला की सूर चढतो; रिव्हेटच्या बाजूने खरवडला की उतरतो. ऐकायला किती सोपे! पण खरवडलेला धातू परत येत नाही. एकदा जास्त चढला म्हणून मुळाशी खरवडायचे, जास्त उतरला म्हणून टोकाशी खरवडायचे, असे करता करता जीभ पातळ होते आणि एके दिवशी भजनाच्या मध्येच तुटते. जुन्या पेट्या उंदरांनी कमी आणि अशा हौशी कानशीने जास्त मारल्या आहेत.

हल्ली आणखी एक फसगत होते. मोबाईलवर सूर मोजण्याचे ॲप असते. जुनी पेटी त्यावर लावली की ती सगळीच उतरलेली दाखवते, आणि माणूस घाबरतो. आता हे समजून घ्या. आजचे माप, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांचे, १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरले. त्याआधी फ्रान्सने १८५९ साली ४३५ चे माप ठरवले होते. त्या मापाची पेटी आजच्या मापाने अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्शाएवढी उतरलेली दिसणारच. सगळे सूर सारख्याच अंतराने खाली असतील, तर पेटी आपल्या जागी सुरात आहे. तिला हात लावू नका. काही सूर वर, काही खाली असतील तरच कारागिराकडे न्या. त्याला सांगा, "पेटी आहे त्या मापावर जुळवा, नव्या मापावर चढवू नका." प्रत्येक सुराची झीज त्याने कमीत कमी होते.

शेवटी हवामानाचे. नांदेड-लातूरचा मे महिना लाकडातला सगळा ओलावा शोषून घेतो. सांधे उघडतात, फळ्या आकसतात. जुलैत तेच लाकूड फुगते आणि पट्ट्या अडकू लागतात. अशा वेळी पट्टी तासायला धावू नका. दसऱ्यानंतर ती बहुधा आपोआप मोकळी होते. पेटी उघडण्याचे कामही दसरा ते संक्रांत या दिवसांत काढावे. तापणाऱ्या पत्र्याखाली, ओल्या भिंतीला लागून किंवा उन्हाच्या खिडकीत पेटी ठेवू नका. आणि रोज वाजवा. बंद पेटीत धूळ, कीड आणि झुरळे राहायला येतात; वाजत्या पेटीत हवा खेळती राहते.

गावोगावच्या देवळांत, ओवऱ्यांत अशा पेट्या अजून आहेत. एखादा भाता फाटतो, मंडळ नवे विजेचे वाद्य आणते, आणि जुनी पेटी एक दिवस भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. तो पितळ वजनावर घेतो. शंभर वर्षे टिकलेल्या सुरांचे मोल त्या काट्यावर उतरत नाही. तुमच्या गावात अशी पेटी असेल, तर विकण्याआधी एकदा भाता भरून बघा, एकेक पट्टी हळू वाजवा. सूर शाबूत असतील तर कातडे, बनात आणि थोडा सरस, एवढ्यावर ती पुन्हा उभी राहते. तेवढे मात्र तुम्हाला नक्की जमेल.