गरम चीज डिपची ऑर्डर: फाटलेलं चीज, राइस कुकर आणि चाळीस रुपयांचा हिशेब

मागच्या महिन्यात सिरोंच्याहून एका ताईंचा फोन आला. वाढदिवसाच्या पार्टीसाठी ४० माणसांचं गरम चीज डिप करून द्यायची त्यांची पहिली ऑर्डर होती. रेसिपी मोबाईलवर बघितलेली, घरी दोनदा करूनही पाहिलेली. पार्टीत मात्र झाकण उघडलं तर वर तुपासारखं तेल आणि खाली रबरासारखा गोळा. घरमालकांनी ८०० पैकी ४०० रुपयेच हातावर ठेवले. ताईंनी विचारलं, "सर, बचत गटातून पाच हजार घेतलेत, आता हे सोडून देऊ का?"

मी म्हटलं, सोडायचं की नाही ते नंतर ठरवू. आधी काय काय केलं ते सगळं सांगा. त्या अर्ध्या तासाच्या बोलण्यातून जे निघालं ते आज तुमच्यासमोर ठेवतोय, कारण पार्टीचं खाणं विकायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला यातलं काही ना काही लागणारच आहे.

पहिली गोष्ट चीजची. ताईंनी पिझ्झावालं मोझरेला घेतलं होतं, कारण त्याची तार सुटते आणि व्हिडिओत ती छान दिसते. पिझ्झावर ते बरोबरच आहे. डिपमध्ये तीच तार गोळा बनते. चीज म्हणजे दुधातल्या प्रथिनांची जाळी, तिच्यात चरबी आणि पाणी अडकवलेलं असतं. ही जाळी कॅल्शियमनं एकमेकांना धरून असते. जास्त तापवलं की जाळी आवळते, पिळल्यासारखी होते आणि आतली चरबी बाहेर येते. वर तरंगणारं तेल म्हणजे तेच. तेल वरून कुणी ओतलेलं नसतं, ते चीजमधूनच निघालेलं असतं.

प्रोसेस्ड चीज, म्हणजे आपण सँडविचवर किसतो तो ब्लॉक, वेगळं वागतं. ते बनवताना त्यात सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार घातलेले असतात. हे क्षार कॅल्शियमला धरून ठेवतात, त्यामुळे प्रथिनं सैल होतात आणि चरबीला सोडत नाहीत. म्हणून ते गुळगुळीत वितळतं. ब्लॉकच्या मागचं लेबल बघा, इमल्सिफायरसमोर ३३१, ३३९ किंवा ४५२ असे आकडे किंवा सोडियम सायट्रेट असं नाव दिसेल. डिपसाठी मला तेच हवंय. तार पाहिजेच असेल तर दहा भागांत दोन भाग मोझरेला, त्याच्यावर नाही.

लेबल वाचताना आणखी एक बघायचं. स्वस्त ब्लॉकवर बारीक अक्षरात 'अ‍ॅनालॉग' लिहिलेलं असतं आणि घटकांत वनस्पती तेल असतं. ते चीज नव्हे. खाण्यायोग्य असलं तरी चीज म्हणून विकायचं नाही. कायदाही तेच सांगतो, आणि लहान गावात गिऱ्हाईक एकदा फसलं की दुसऱ्यांदा तुमच्या दाराशी येत नाही.

दुसरी चूक गॅसची. मोठ्या आचेवर चीज टाकलं, उकळी आणली, खाली उतरवलं. दीड तासानं पार्टीच्या घरी पुन्हा मोठ्या आचेवर ठेवलं. फाटणारच ना! शिवाय टोमॅटो कच्चा वाटून घातलेला. त्याचा आंबटपणा आणि पाणी, दोन्ही दुधाच्या मुळावर.

बाहेरच्या देशात यासाठी स्लो कुकर वापरतात. जाड भांडं, मंद आच, तासन् तास गरम. आयर्विंग नॅक्सन नावाच्या अमेरिकन माणसाला १९४० मध्ये याचं पेटंट मिळालं. आईनं सांगितलेली लिथुआनियातली आठवण त्याच्या डोक्यात होती: सणाच्या आदल्या संध्याकाळी बेकरीच्या निवत्या भट्टीत कडधान्याचं भांडं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी जेवायचं. पुढे १९७० च्या दशकात हेच यंत्र 'क्रॉक-पॉट' नावानं अमेरिकेत घरोघरी गेलं. आपल्याकडे आजी निखाऱ्यावर दूध ठेवायची, कल्पना तीच. साय जाड, खाली लागत नाही.

पण म्हणून लगेच ऑनलाइन स्लो कुकर मागवू नका. पहिल्या पाच ऑर्डर होईपर्यंत नवीन यंत्र घ्यायचं नाही हा माझा नियम आहे, आणि मी तो स्वतः मोडून पस्तावलोय. सिरोंच्यात भात खाणारी घरं जास्त, तेलंगणाशी रोजची ये-जा. इलेक्ट्रिक राइस कुकर कुणाच्या ना कुणाच्या घरी मिळतोच. त्याचं 'वॉर्म' बटण म्हणजे तुमचा स्लो कुकर. फक्त 'कुक' बटण दाबायचं नाही. ते भातातलं पाणी आटून तळ शंभर अंशांच्या वर गेला की मगच बंद होतं, तोवर डिपचा तळ करपलेला असतो. आणि वॉर्मवर थंड डिप गरम करायला ठेवायचं नाही. वॉर्म हे गरम वस्तू गरम ठेवण्यासाठी. गरम करायचं काम गॅसवर.

आता कृती. २५ माणसं, माणशी ६० ग्रॅम, म्हणजे दीड किलो डिप. ६०० ग्रॅम प्रोसेस्ड चीज किसून घ्या. फुल क्रीम दूध ६०० मिली, त्यातलं १०० मिली थंड बाजूला काढून त्यात दीड मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर कालवा. कढईत ३० ग्रॅम लोणी, लसूण, कांदा, मिरची, मग टोमॅटो. हे सगळं मिळून पाव किलो. टोमॅटोचं पाणी पूर्ण आटून कडेनं लोणी सुटेपर्यंत परता, इथे घाई नको. जाड बुडाच्या दुसऱ्या भांड्यात उरलेलं दूध उकळा, कालवलेलं कॉर्नफ्लॉवर ओता, दोन मिनिटं ढवळत शिजू द्या. आता गॅस बंद. हो, बंद. दोन मिनिटं थांबा आणि मग चीज मूठमूठ टाकत फेटा, आधीची मूठ विरघळल्याशिवाय पुढची नाही. शेवटी परतलेला मसाला आणि १०० ग्रॅम उकडलेले मक्याचे दाणे. मीठ चाखून मगच, चीजमध्ये ते असतंच.

मिरचीबद्दल एक सांगतो. सिरोंच्याकडे मिरची पिकते आणि खाणारेही तिखट खाणारे. पुण्याच्या रेसिपीतली अर्धा चमचा ऑरिगॅनोवाली चव तिथे पांचट लागेल. वाळलेली लाल मिरची भिजवून लसणासोबत वाटून घाला, रंगही येतो. सोबत चिप्सचे पुडे कशाला? सकिनालू, मुरुकुलू, चेक्कलू आहेत ना! तांदळाच्या पिठाचे हे कुरकुरीत पदार्थ गरम चीजमध्ये बुडवून खाल्ले की चिप्स विसराल. आणि ते विकत आणण्याऐवजी शेजारच्या मावशींकडून करून घेतले तर त्यांनाही दोन पैसे.

चुकून डिप फाटायला लागलं, कडेला तेलाचे थेंब दिसले, तर लगेच आचेवरून उतरवा. दोन चमचे गरम दूध घाला, जोरात फेटा, पुन्हा दोन चमचे. मूठभर प्रोसेस्ड चीज टाकलं की त्यातले क्षार मदतीला येतात. थेंब दिसताच हे केलं तर बहुतेक वेळा सावरतं. गोळा झाल्यावर काही होत नाही, ते पराठ्यात घाला आणि घरी खा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर पैसे नाही तर लोकांची तब्येत अवलंबून आहे. दूध आणि चीजचा पदार्थ कोमट राहिला की त्यात जंतू भराभर वाढतात. विकायचं गरम खाणं ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचं असतं. मी ६५ सांगतो, म्हणजे झाकण उघडझाप झाली तरी खाली जात नाही. हाताला गरम लागतं म्हणजे ६५ आहे असं नसतं, पन्नासलाही चटका बसतो. म्हणून टोचायचा डिजिटल थर्मामीटर घ्या, काहीशे रुपयांत येतो. यंत्र घेऊ नका म्हणणारा मी हे मात्र पहिल्या ऑर्डरच्या आधी घ्यायला सांगतोय. तुमच्या राइस कुकरचं वॉर्म नक्की किती अंशांवर राहतं ते घरी पाणी ठेवून दोन तास मोजा. काही कुकर कमी भरतात, असा कुकर पार्टीला न्यायचा नाही.

आणि लाइट गेली तर? सिरोंच्यात हा प्रश्न विचारावाच लागत नाही, लाइट जातेच. पावसाळ्यात तर धरूनच चला. झाकण घट्ट लावलेला कुकर काही वेळ ऊब धरतो, पण भरवसा थर्मामीटरवर. सोबत छोटी गॅस शेगडी आणि मोठं पातेलं न्या. पातेल्यात गरम पाणी, त्यात डिपचं भांडं, आच मंद. खरं सांगायचं तर हीच पद्धत कुकरपेक्षा भरवशाची, फक्त टेबलावर दिसायला बरी नाही. हॉटपॉटमधून न्यायचं असेल तर आधी त्यात उकळतं पाणी दहा मिनिटं भरून ठेवा, ओता, पुसा, मग डिप भरा. थंड हॉटपॉट डिपची ऊब खाऊन टाकतो. घट्ट झालं तर सैल करायला थर्मासमध्ये पाव लिटर गरम दूध असू द्या.

डिप ६० च्या खाली जाऊन दोन तास झाले तर टाकायचं. उरलेलं पुढच्या ऑर्डरला? अजिबात नाही. आणि सगळ्यांनी एकाच भांड्यात मुरुकुलू बुडवायचे नाहीत, पळीनं छोट्या वाटीत वाढायचं. हे काम स्वतः करा किंवा घरच्या माणसाला उभं करा.

ताईंनी राजमा घालून डिप करू का असंही विचारलं. करा, पण राजमा भिजवून, ते पाणी टाकून, प्रेशर कुकरला पूर्ण शिजवून मगच. कच्च्या राजम्यात विषारी द्रव्य असतं आणि ते मंद आचेच्या भांड्यात जात नाही, उकळी लागते. अर्धाकच्चा राजमा स्लो कुकरमध्ये टाकून माणसं आजारी पडल्याची उदाहरणं परदेशात आहेत.

आता पैशाचं. ताईंनी माणशी २० रुपये लावले होते. आपण २५ माणसांचा हिशेब मांडू. भाव मी समजायला धरलेत, तुमच्या बाजारातले टाका. चीज ६०० रुपये किलोनं ३६० रुपये. दूध ३६. कांदा, टोमॅटो, मिरची, लसूण ३०. मका २०. लोणी १८. कॉर्नफ्लॉवर आणि मसाला १०. गॅस, वीज २०. झाले ४९४. म्हणजे माणशी पावणेवीस. बघा, ४० माणसांचं सामानच ७९० ला पडतं आणि ताईंनी ८०० ला ऑर्डर घेतली होती. डिप फाटलं नसतं तरी हातात दहा रुपये! हे ऐकून ताई फोनवर गप्पच झाल्या. फाटलेल्या डिपचं दुःख सगळ्यांना दिसलं, या दहा रुपयांचं कुणालाच दिसलं नव्हतं.

४९४ मध्ये काय काय राहिलं? चीज आणायचा खर्च. गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे बरेच जण प्राणहितेवरच्या पुलावरून चेन्नूर-मंचेरियलकडे जातात. एकट्या डिपसाठी जाऊ नका, कुणी जाणार असेल त्याच्याकडे थर्माकोलचा डबा आणि बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या द्या. उन्हाळ्यात हा डबा नसेल तर चीज आणूच नका. त्याचे ४० धरू. तुमची तीन तासांची मेहनत, ७० रुपये तासानं २१०. भांड्यांची झीज २०, नासाडी २५. एकूण ७८९. त्यावर पाव हिस्सा नफा, साधारण १९७. झाले ९८६. म्हणून माणशी ४० रुपये, २५ माणसांचे १०००, सकिनालू-मुरुकुलूचे वेगळे. २५ च्या खाली ऑर्डर घेऊ नका, मेहनत तेवढीच लागते. निम्मे पैसे आगाऊ घ्या, म्हणजे चीज तुमच्या खिशातून येणार नाही.

"सिरोंच्यात ४० कोण देणार?" ताईंचा प्रश्न खरा आहे. सगळे देणार नाहीत. जो केक मागवतो, खोली सजवतो, तो देईल. अशी घरं मोजकीच आहेत, म्हणून फक्त डिपवर दुकान उघडू नका, नाश्त्याच्या ऑर्डरमध्ये एक जास्तीचा पदार्थ म्हणून ठेवा. २०२२ च्या प्राणहिता पुष्कराची गर्दी आठवून कुणी म्हणेल, २०२७ ला गोदावरी पुष्कर आहे, तिथे डिपचा स्टॉल लावतो. नको. यात्रेकरूला पोटभर आणि स्वस्त हवं असतं, उभ्यानं कढत चीज नको असतं. तिथे पुलिहोरा विका.

नोंदणी राहिली. घरातून विकत असाल तरी अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. लहान धंद्यासाठी ती साधी आहे: फॉस्कॉस पोर्टलवर फॉर्म ए, फोटो आणि ओळखपत्र. अनेक वर्षं १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला वर्षाला १०० रुपये फी असा नियम चालत आला. अर्ज करण्याआधी पोर्टलवर चालू मर्यादा आणि फी बघून घ्या. शाळा किंवा सरकारी कार्यालयाची ऑर्डर हवी असेल तर नोंदणी क्रमांक पहिल्यांदा विचारतात.

ताईंना मी आणखी एक सांगितलं होतं. त्या ४०० रुपये देणाऱ्या घरी जाऊन, एक वाटी नीट जमलेलं डिप देऊन या, पैसे मागू नका. त्या आधी तयार नव्हत्या. दहा दिवसांनी गेल्या. गेल्या रविवारी त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप आला, त्याच घरच्या वहिनींच्या बहिणीकडे बारसं, २५ माणसं, ५०० आगाऊ मिळाले. सोबत फोटो होता: राइस कुकर, त्यात खोचलेला थर्मामीटर, आकडा ६८.